पूरपट्ट्यातल्या गावाने निवाऱ्याची जागा स्वतः कशी आखावी

कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठी पूर चढला की बोट दारापर्यंत येते, पोलीस पाटील हाका मारतात, आणि घरातलं जाणतं माणूस म्हणतं, "पोरास्नी न्या. मी म्हशींपाशी थांबतो." बाहेरून आलेल्यांना हा हट्ट वाटतो. पण दोन म्हशींवर ज्या घराचा महिन्याचा खर्च चालतो, तिथे दावं सोडून जाणं म्हणजे पूर ओसरल्यावर खायचं काय हा प्रश्न आधीच मान्य करणं. म्हणून गावाने निवाऱ्याची जागा आखताना पहिला प्रश्न 'इमारत किती मोठी' असा घेऊ नये. 'कोण घर सोडत नाही आणि का' हा घ्यावा. उत्तरं बहुतेक ठिकाणी सारखीच येतात: जनावरं, चोरीची भीती, अंथरुणावरचं म्हातारं माणूस, निवाऱ्यात बाईला आंघोळीची आणि संडासची सोय नसणं, आणि 'त्या देवळात आम्हाला मोकळेपणाने बसता येत नाही'. यातल्या प्रत्येक उत्तरातून नकाशावरची एक भिंत, एक दार किंवा एक ओटा ठरतो.

पुढची पद्धत सांगली-कोल्हापूरच्या पूरपट्ट्यासाठी लिहिली आहे. कोकणात वादळाचा निवारा किंवा डोंगरात दरडीपासून सुरक्षित जागा आखताना मोजमापं बदलतील, क्रम फारसा बदलणार नाही.

आधी पाण्याची खूण, मग जागा

गावात प्रत्येकाला पूर आठवतो, पण २००५चा, २०१९चा आणि २०२१चा एकमेकांत मिसळलेला असतो. म्हणून आठवणीवर न थांबता भिंतीवर जा. जुन्या वाड्याच्या भिंतीवर, शाळेच्या खोलीत, पिठाच्या गिरणीत गाळाची रेघ दिसते. एका पुराच्या किमान तीन खुणा वेगवेगळ्या घरांत शोधा. प्रवाहाला तोंड करून असलेल्या भिंतीवर पाणी आपटून रेघ वर चढलेली असते, म्हणून खोलीच्या आतली, संथ पाण्याची खूण खरी धरा.

ही खूण निवाऱ्याच्या जागेपर्यंत नेण्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती लेव्हलची पारदर्शक नळी पुरते. १० ते १२ मिलिमीटर जाडीची, २० मीटर लांब. नळी बादलीतून पाणी ओढून भरा आणि दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का पाहा. येत नसेल तर आत हवेचा बुडबुडा अडकला आहे. नळी उभी धरून टिचक्या मारत तो बाहेर काढा. मग एक टोक खुणेशी, दुसरं नळी सैल पोचेल एवढ्या अंतरावर रोवलेल्या बांबूशी. खुणेपाशी पाणी स्थिरावलं की बांबूवर त्याच उंचीला रेघ मारायची. तिथून पुढचा टप्पा. जमीन चढत गेली की रेघ पायाशी येते आणि पुढे नेता येत नाही. तेव्हा १ मीटर वर दुसरी रेघ मारून तिथून पुढे चालायचं आणि वहीत '१ मीटर वजा' असं लगेच लिहायचं. बहुतेक घोळ या वहीत होतो, नळीत नाही.

जागेपर्यंत पोचलात की काम संपलं असं समजू नका. त्याच पद्धतीने दुसऱ्या वाटेने मूळ खुणेपर्यंत परत या. परत आल्यावर फरक ५ सेंटीमीटरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर पुन्हा मोजा. नळीचं एक टोक उन्हात आणि दुसरं सावलीत राहिलं तरी पाणी फसवतं, म्हणून हे काम सकाळी लवकर उरकावं. अंतर अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर पंचायत समितीच्या शाखा अभियंत्याकडून लेव्हल मशीन लावून घ्या, पण तेव्हाही गावातल्या चौघांनी सोबत चालावं. खूण कुठली धरली हे त्यांना माहीत असतं, अभियंत्याला नसतं.

याच फेरीत आणखी एक गोष्ट मोजायची, जी जवळपास प्रत्येक आराखड्यात राहून जाते: गावातून बाहेर जाणाऱ्या रस्त्याचा सर्वांत खोल बिंदू. तो बहुधा ओढ्यावरची मोरी असतो. नदी पात्राबाहेर पडण्याआधीच ओढ्यातून फुगवटा मागे येतो आणि मोरी बुडते. गाव कोरडं असतं, पण बेट झालेलं असतं. निघण्याची वेळ ठरवताना घराचा उंबरठा विसरा आणि ही मोरी धरा. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून माणसं नेणारी बोट उलटली. बोटीची पाळी येण्याआधी, रस्ता चालू असताना निघता आलं पाहिजे, आणि ते या एका मोजमापावर ठरतं.

जागा निवडताना जलसंपदा विभागाच्या पूररेषा पाहा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नकोच. लाल रेषेच्या बाहेर जागा मिळाली तर उत्तम, पण ती गावापासून दोन-तीन किलोमीटरवर असेल तर म्हशी तिथे जाणार नाहीत आणि मग माणसंही जाणार नाहीत. अशा वेळी दोन्ही रेषांच्या मधली, रस्त्याला लागून असलेली उंच जागा जास्त उपयोगी पडते, मात्र बांधकामाची परवानगी आणि अटी आधीच लेखी घ्याव्यात. गायरान असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय एक दगडही हलवू नका. सातबारा काढून इतर हक्कांचा रकाना वाचा. अर्ध्या गावाला 'सरकारी' वाटणारी जागा कागदावर कुणाच्या तरी पणजोबांची निघते.

कोणाला बसवायचं आणि कसं विचारायचं

ग्रामसभेत विषय ठेवला आणि ठराव झाला, एवढ्याने आखणी लोकांची होत नाही. ग्रामसभेत बोलणारे पंधरा-वीस जण ठरलेले असतात, आणि त्यातल्या बहुतेकांची घरं उंचावर असतात. आधी पूरखुणेच्या खालच्या वस्त्यांवर जाऊन छोट्या बैठका घ्या: नदीकडची आळी, दलित वस्ती, ऊसतोड कामगारांची पालं, शेतातल्या वस्त्या. महिलांची बैठक दुपारी दोन ते चार; सकाळी आणि संध्याकाळी धारा असतात. म्हातारी माणसं बैठकीला येत नाहीत, त्यांच्याकडे घरी जायचं.

'काय हवं' असं विचारलं की 'हॉल बांधा' असं उत्तर येतं. त्याऐवजी मागच्या पुराचे पहिले दोन दिवस तासातासाने विचारा. रात्री कुठे झोपलात? संडासला कुठे गेलात? भाकरी कुठे भाजली? लहानग्याचं दूध कुठून आणलं? पाळी आलेल्या मुलीने काय केलं? म्हैस कुठे बांधली, आणि पाण्याला कुठे नेली? उत्तरं एका मोठ्या कागदावर उतरवा. मग प्रत्येकीला ज्वारीचे दहा दाणे द्या आणि सगळ्यांत जास्त त्रासाच्या गोष्टींवर ठेवायला सांगा. पुरुषांच्या आणि महिलांच्या दाण्यांचे ढीग वेगळे ठेवा. एकत्र केले की संडास आणि आंघोळीची जागा खाली जाते, जनरेटर आणि पत्र्याचा मंडप वर येतो.

जागेचा मालकी भाव हा नाजूक विषय आहे, पण टाळू नये. देवळाचा सभामंडप उंचावर असतो आणि पुरात आपोआप निवारा होतो. तरी काही वस्त्यांची माणसं तिथे जायला कचरतात, किंवा जेवणाची पंगत वेगळी बसते. तसंच दलित वस्तीतल्या समाजमंदिरात बाकीचे जात नाहीत. निवारा शक्यतो कुठल्याच आळीचा नसलेल्या जागेवर, शाळा किंवा दवाखान्याच्या आवारालगत घ्यावा. हे बैठकीत उघड बोललं गेलं नाही तर पुराच्या रात्री कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

इथे किल्लारीचा अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ५२ गावं नव्या जागी वसवली. नव्या गावांत रस्ते रुंद, घरं एका रांगेत. पण भावकीच्या गल्ल्या मोडल्या, अंतरं वाढली, बैल आणि कडबा ठेवायला जागा उरली नाही अशा तक्रारी वर्षानुवर्षं चालल्या. त्याच पुनर्वसनात, जिथे जुन्या जागीच घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती तिथे, स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर गावातल्या बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या. घरमालकांना माहिती देणं, कामावर लक्ष ठेवणं, अडचणी कार्यालयापर्यंत नेणं हे त्यांनी केलं. तुमच्या गावातही दर वस्तीमागे दोन अशा बायका ठरवा. आखणीपासून बांधकाम संपेपर्यंत त्याच दोघी असाव्यात, दर बैठकीला नवे चेहरे नकोत.

आकडेमोड

एक नमुना गाव घेऊ: ३५० घरं, त्यातली १४० खुणेच्या खाली. वस्तीवर फिरून विचारलं की यातली ६० कुटुंबं पाहुण्यांकडे जातात. उरली ८०, म्हणजे सुमारे ४०० माणसं, आणि १२० मोठी जनावरं.

आपत्तीतल्या निवाऱ्यासाठी जगभर मानलं जाणारं किमान प्रमाण माणशी ३.५ चौरस मीटर आहे. ४०० माणसांना १,४०० चौरस मीटर लागतील, जे कुठल्याच ग्रामपंचायतीच्या आवाक्यात नाही. ३०० चौरस मीटरचा वरचा हॉल आणि शाळेच्या वरच्या सहा खोल्यांचे २७० धरले तरी ५७० होतात. एवढ्यात आठवडाभर १६० माणसं नीट राहू शकतात. एका रात्रीपुरतं, अंगाला अंग लावून, ३८० मावतात. हे गणित ग्रामसभेत फळ्यावर मांडाच. त्यातून निर्णय निघतो: पहिल्या रात्री जवळपास सगळे इथे; दुसऱ्या दिवशी रस्ता चालू असतानाच धडधाकट कुटुंबं तालुक्याच्या छावणीत; इथे राहणार ते अंथरुणावरचे, बाळंतिणी आणि जनावरांमागे थांबणारं घरटी एक माणूस. ज्या आराखड्यात 'सगळं गाव मावेल' असं लिहिलेलं असतं, त्यात ही बेरीज कुणी केलेली नसते.

संडास: पहिल्या दिवसांत ५० माणसांमागे एक, मुक्काम लांबला तर २० मागे एक. म्हणजे ८ पक्के बांधायचे आणि १२ तात्पुरत्यांसाठी ओटा आणि पाइपाची जोडणी तयार ठेवायची. पक्क्यांपैकी ६ बायकांचे, २ पुरुषांचे. दोन्ही बाजूला एकेक दार ९० सेंटीमीटर रुंद, आत धरायला दांडा. बायकांच्या बाजूला आंघोळीच्या दोन बंद मोऱ्या हव्यातच. संडास इमारतीच्या मागे अंधारात नेऊ नका. जिन्यावरून दिसतील असे ठेवा. सेप्टिक टाकीचं झाकण आणि वायुनळीचं तोंड पूरखुणेच्या वर, आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाला उलटा प्रवाह अडवणारी झडप. ही झडप नसली की पुराचं पाणी खालून टाकीत शिरतं आणि मैला भांड्यातून वर येतो. काळ्या जमिनीत शोषखड्डे पावसाळ्यात पाणी घेत नाहीत, त्यामुळे खड्ड्यांवर विसंबू नका.

पाणी: माणशी रोज १५ लिटर, म्हणजे ६,००० लिटर. गच्चीवर १०,००० लिटरची टाकी आणि आवारातला हातपंप. हातपंपाचा ओटा पूरखुणेच्या वर उचलून घ्या, नाहीतर सगळं पाणी आजूबाजूला असताना प्यायला थेंब नसतो. ३०० चौरस मीटरच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की गळती वजा जाता साधारण २,४०० लिटर मिळतात, म्हणून पन्हळ आणि पहिलं पाणी बाजूला काढणारी नळी बसवा. शुद्धीकरणाला १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. पावडर थेट टाकीत टाकायची नाही. बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ ओतायचं. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का याची चाचणी. पिवळी छटा आली नाही तर पावडर जुनी असू शकते. उघडी पिशवी दमट हवेत काही आठवड्यांत दम सोडते, म्हणून साठा छोट्या बंद डब्यांत ठेवा आणि दर जूनमध्ये बदला.

म्हशींचा ओटा

हा भाग सरकारी नमुना नकाशात सहसा नसतो, म्हणून सविस्तर.

एका म्हशीला उभं राहायला आणि बसायला ४ चौरस मीटर. १२० जनावरांना ४८०, त्यात मधल्या वाटा आणि वैरणीची जागा धरून ६०० चौरस मीटर, म्हणजे ३० बाय २० मीटरचा मुरमाचा ओटा. तो जमिनीपासून दीड मीटर उंच लागत असेल तर वरच्या भागाला ९०० घनमीटर भराव. इथे नेहमी चूक होते: कडेचा उतार कुणी धरत नाही. एकास दोन उतार (१ मीटर उंचीला २ मीटर आडवा) चारही बाजूंनी धरला की एकूण ११४० घनमीटर होतात, म्हणजे ४०० ब्रास (१ ब्रास म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर). दबाईत १५ ते २० टक्के बसतो, तेव्हा मागवायचा ४७० ते ५०० ब्रास. ३०० ब्रासचा अंदाज देऊन काम सुरू केलं की ओटा खुणेच्या खाली राहतो आणि पुढच्या पुरात म्हशी गुडघाभर पाण्यात उभ्या असतात. मुरूम उचलायला तहसीलदारांची गौण खनिजाची परवानगी आधी काढा.

भराव २० सेंटीमीटरच्या थरांत टाकायचा. प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर. टिपर रिकामे करून एकदाच वरून रोलर फिरवला तर पहिल्याच पावसात कडा ढासळतात. उतारावर दगडी पिचिंग किंवा निदान हरळी. ओटा ओढ्याच्या वाटेत आडवा घालू नका. पाणी अडून शेजारच्या वस्तीत शिरेल आणि भांडण पिढ्यान्‌पिढ्या टिकेल.

ओट्यावर यायचा चढ ४ मीटर रुंद, एकास आठपेक्षा उभा नको, आणि पृष्ठभाग खडबडीत. गुळगुळीत काँक्रीटवर ओल्या खुरांची म्हैस घसरते, एकदा घसरली की ती पुन्हा त्या वाटेने येत नाही. बांधायला लोखंडी कड्या, दर दीड मीटरवर, काँक्रीटच्या पट्टीत पक्क्या. खुंट्या ओल्या मुरमात उपटतात. दावणी एकमेकींकडे तोंड करून दोन रांगांत, मध्ये गव्हाण, मागे शेणाची वाट किमान अडीच मीटर. १२० जनावरांचं शेण रोज दोन टनांच्या आसपास निघतं. ते प्रवाहाच्या खालच्या अंगाला, हातपंपापासून दूर टाकायचं. पाणी जनावरामागे रोज ६० लिटर धरा. सुकी वैरण दिवसाला ६ किलो, पाच दिवसांची साडेतीन टनांवर जाते, आणि ती पत्र्याखाली फळ्यांवर ठेवायची. भिजलेल्या वैरणीला बुरशी येते आणि पूर ओसरल्यावर जनावरं आजारी पडतात. घटसर्प आणि फऱ्याची लस मेअखेर झालेली असावी. लस न झालेलं जनावर ओट्यावर एका कोपऱ्यात वेगळं बांधायचं.

कागदाआधी फक्की

नकाशा कागदावर सगळ्यांना कळत नाही, आणि कळत नाही असं कुणी म्हणतही नाही. म्हणून रिकाम्या शेतात किंवा शाळेच्या मैदानावर फक्की (पांढरी पूड) मारून आराखडा खऱ्या मापात काढा. दोर, चार काठ्या, फक्कीच्या दोन गोण्या आणि अर्धा दिवस. दारं मोकळी सोडा, जिन्याच्या पायऱ्या रेघांनी दाखवा, संडास खुर्च्यांनी.

मग लोकांना आत चालायला लावा. वीस जण झोपून दाखवा. एका म्हातारीला खुर्चीसकट उचलून दारातून आणि 'जिन्यावरून' न्या. एक खरी म्हैस आणा आणि वळवा. ट्रॅक्टर-ट्रॉली आत घेऊन उलटी फिरवा. पाच मिनिटांत कळतं की फाटक ३ मीटरचं पुरत नाही, ४ लागतं. की चुलीचा धूर सरळ बाळंतिणींच्या खोलीत जातो. की बायकांच्या मोरीकडे जायची वाट पुरुष बसतात त्या कट्ट्यावरून जाते. रेघ पायाने पुसा, नवी मारा. शेवटी ठरलेली मापं टेपने घेऊन कागदावर उतरवा, फोटो काढा, आणि तो कागद ग्रामसभेच्या ठरावाला परिशिष्ट म्हणून जोडा. हे जोडणं महत्त्वाचं. नाहीतर तांत्रिक मान्यतेच्या वेळी कार्यालयातला तयार नमुना नकाशा लागतो आणि गावाच्या आखणीतला एकही ओटा त्यात नसतो.

बांधकामात कशावर अडून बसायचं

सगळं अभियंत्यावर सोडायचं नाही आणि सगळ्यात नाकही खुपसायचं नाही. गावाने पाच-सहा गोष्टींवर ठाम राहावं.

वरच्या मजल्याची जमीन सर्वांत मोठ्या पूरखुणेच्या किमान १ मीटर वर. २०१९ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर २०१९ आणि २०२१ या दोन्ही वेळा ५५ फुटांच्या वर. मागच्या खुणेवर थांबायची हमी नदी देत नाही.

तळमजला खांबांवर मोकळा ठेवला तर पाणी आरपार जातं आणि एरवी तिथे बाजार, दूध संकलन, लग्नाची पंगत असं काहीही होतं. पण नुसत्या खांबांवरचा मजला भूकंपात सर्वांत कमकुवत ठरतो, आणि कोयनेचा १९६७चा धक्का या भागाला अनोळखी नाही. खांबांचं गणित संरचना अभियंत्याकडूनच करून घ्या. जिन्याभोवती आणि कोपऱ्यांत काँक्रीटच्या भिंती लागतील. खर्च वाचवायला या भिंती गाळायचा सल्ला आला तर ऐकू नका.

काळ्या कपाशीच्या मातीत साधा पाया उन्हाळ्यात तडकतो, पावसाळ्यात उचलला जातो. खड्डा घेऊन मुरूम किती खोल आहे ते पाहा. खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खोल खांब, घ्यावे लागतील. जिना दीड मीटर रुंद, सोबत एकास बारा उताराचा रॅम्प, दोन्ही बाजूला कठडा. उंची तीन मीटर असेल तर रॅम्प ३६ मीटर लांब होतो, त्याला जागा फक्की मारतानाच सोडायला हवी. दारं बाहेर उघडणारी. तळमजल्याच्या विजेला वेगळं एमसीबी (आपोआप तुटणारं बटण), म्हणजे खालचं बंद करून वरचं चालू राहील. महावितरण पुरात पुरवठा बंद करतेच. तेव्हासाठी १ किलोवॅटचं सोलर आणि १५० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या. त्यावर ९ वॅटचे १५ दिवे रात्रभर आणि मोबाइल चार्जिंग एवढंच धरा. जुलै-ऑगस्टच्या ढगांत पॅनेल निम्म्याहूनही कमी देतं, पंखे लावायचा मोह नको.

किल्ली

पुरातला सर्वांत सामान्य बिघाड म्हणजे कुलूप. किल्ली ग्रामसेवकाकडे, ग्रामसेवक तालुक्याला, रस्ता बंद. तीन किल्ल्या करा: एक ग्रामपंचायतीत, दोन निवाऱ्याच्या शंभर पावलांतल्या दोन घरांत, त्यातलं एक घर बाईच्या नावावर.

वर्षभर वापरात नसलेली इमारत पाच वर्षांत भंगाराचं गोदाम होते. मोडकी बाकं, जुने पोल, खताच्या गोण्या. आणि पुराच्या दिवशी तीन तास रिकामं करण्यात जातात. म्हणून रोजचा वापर आखणीतच ठरवा. वर मुलांची अभ्यासिका आणि बचत गटांच्या बैठका, खाली दूध संकलन, लग्नसराईत भाड्याने. भाडं वेगळ्या खात्यात आणि त्यातून टाकी धुणं, बॅटरीचं पाणी, झडपेची तपासणी. अट एकच: १ जून ते ३० सप्टेंबर वरच्या मजल्यावर काहीही साठवायचं नाही, कुणाचंही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदा सगळं चालवून पाहा, म्हशींसकट. निघण्याचे टप्पे गावाने स्वतःचे ठरवायचे. आयर्विनची इशारा पातळी ४० फूट आणि धोका ४५, राजारामची ३९ आणि ४३. हे आकडे रेडिओवर आणि मोबाइलवर येतात. तुमची ओढ्यावरची मोरी आयर्विनला पाणी किती फुटांवर असताना बुडते, ते मागच्या पुरांवरून काढा आणि मोरीच्या भिंतीवर, रस्त्याच्या पातळीखाली, दोन पट्टे रंगवा. पिवळ्याला पाणी लागलं की जनावरं आणि आजारी माणसं हलवायची, लालच्या आधी सगळे. पिवळा पट्टा लालच्या इतका खाली हवा की रात्री पाणी चढलं तरी दिवसाउजेडी निघायला वेळ मिळेल.

पाणी ओसरल्यावर

निवारा रिकामा झाला की कुलूप लावू नका. पुढचे दोन महिने तीच जागा उभारणीचं ठाणं. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनाम्याला एकाच टेबलावर बसतील अशी सोय करा. शेजारी संवाद सहायक बायका, ज्यांना कुणाचं घर राहिलं हे माहीत आहे. भिंती धुण्याआधी प्रत्येक घरात पाण्याच्या रेघेला टेप लावून फोटो काढायला सांगा. धुतल्यावर पुरावा जातो आणि पंचनाम्यात नुकसान 'अंशतः' असं लिहिलं जातं. भिजलेली कागदपत्रं उन्हात टाकायची नाहीत, सावलीत वर्तमानपत्राच्या घड्यांत सुकवायची.

खालच्या खोलीत अवजारांची पेढी ठेवा: गाळ उपसायचे दोन पंप, ३० फावडी, ३० घमेली, गमबूट, रबरी हातमोजे, टीसीएल. नोंद वहीत, परत येण्याची तारीख लिहूनच द्यायचं. अडगळीत हात घालण्याआधी काठी फिरवायची, घोणस आणि मण्यार कोरडी जागा शोधत घरात आलेले असतात. मातीच्या भिंतींची घरं बऱ्याचदा पाणी असताना उभी राहतात आणि ओसरल्यावर, भिंत सुकताना, बसतात. म्हणून अशा घरांत पहिले काही दिवस झोपायला कुणी जाऊ नये. तोवर निवाऱ्यातली जागा त्यांच्यासाठी राखून ठेवा. विहिरी पूर्ण उपसून, गाळ काढून, मग टीसीएल. वरवर पावडर टाकून भागत नाही.

ऑक्टोबरमध्ये, पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा ठरण्याआधी, त्याच छोट्या बैठका पुन्हा घ्या. काय कमी पडलं, कोण आलं नाही आणि का, एवढंच विचारायचं. नवी पूरखूण पहिल्या खुणेच्या शेजारी तेलरंगाने, तारखेसह. दुरुस्तीची यादी किमतीसकट ठरावात. पुढच्या पावसाळ्याआधी होणार असलेलं काम वर, बाकीचं खाली.